सूरजागडच्या वाटेवर जीपीएस : हलक्या स्पोर्ट्स कारमधील छोटे दिशादर्शक यंत्र

सूरजागड गाठायचे असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीहून एटापल्लीला आणि तेथून हेडरीच्या दिशेने जावे लागते. दिशादर्शक यंत्रात हेच नाव रोमन अक्षरांत टंकले, तर मात्र राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यातील सूरजगढ यादीत पुढे येण्याचा संभव असतो. वाटेतल्या आष्टीचीही तीच गत. बीड जिल्ह्यात एक आष्टी आहे, वर्धा जिल्ह्यात दुसरी आणि चामोर्शी तालुक्यातली, वैनगंगेकाठची, तिसरी. सूरजागडच्या पुढचे गट्टाही दोन ठिकाणी आहे. एटापल्ली तालुक्यातील गट्टा (जांभिया) आणि धानोरा तालुक्यातील गट्टा (फुलबोडी) ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात असल्याने जिल्ह्याचे नाव जुळले म्हणून निर्धास्त होण्याचीही सोय नाही.

तळहाताएवढे दिशादर्शक यंत्र पुढच्या काचेला चिकटवून दोन आसनी, बसक्या आणि वजनाने हलक्या स्पोर्ट्स कारमधून लांबचा प्रवास करण्याची हौस मराठी शहरांत नवी राहिलेली नाही. अशी मोटार थेट लोहखनिजाच्या डोंगरापर्यंत नेणे शहाणपणाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही हेमलकसा, भामरागड, आलापल्ली या बाजूला मोटारीने जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यात हौशी मोटारचालकही असतात. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर यंत्राच्या ज्या उणिवा लक्षात येत नाहीत, त्या आलापल्लीच्या पुढे एकामागून एक समोर येतात.

हलकी मोटार आणि तिच्या अडचणी

हलकी स्पोर्ट्स कार म्हणजे शक्तिशाली मोटार नव्हे. वजन कमी ठेवून लहान इंजिनातून चपळाई मिळवणे हे तिचे तत्त्व आहे. माझदाची १९८९ मध्ये आलेली एमएक्स-५ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. लोटसची १९९६ ची इलाइज त्याहून हलकी, सुमारे सव्वासातशे किलोची. तिची चौकट ॲल्युमिनियमची आणि अंग फायबरग्लासचे होते. गोव्यातील सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेली सॅन स्टॉर्म ही याच कुळातली देशी मोटार. तिलाही फायबरग्लासचे अंग होते आणि रेनॉचे ११४९ सीसी इंजिन होते. या गाड्यांत कारखान्यातून बसवून आलेला नकाशाचा पडदा नव्हताच. वजनाचा ग्रॅमनग्रॅम मोजणाऱ्या मालकांना तो नकोही असतो. त्यामुळे दीड-दोनशे ग्रॅमचे सुटे यंत्र हा त्यांच्यासाठी सोयीचा मार्ग ठरला. टॉमटॉमचे ‘गो’ २००४ मध्ये आणि गार्मिनचे ‘नुवी’ २००५ मध्ये आले, तेव्हा अशा मोटारींच्या मालकांनी त्यांचे स्वागत केले ते याच कारणाने.

फायबरग्लासच्या अंगाचा येथे एक अनपेक्षित फायदा होतो. उपग्रहांचे संदेश फायबरग्लासमधून सहज आरपार जातात, पोलादी पत्र्यातून जात नाहीत. छत उघडे असेल तर प्रश्नच मिटतो. याउलट कार्बन फायबर विद्युतवाहक असल्याने संदेश अडवते. पुढच्या काचेवर उष्णता रोखणारा धातूचा पातळ थर असेल, तर तीही अडथळा ठरते. फायबरग्लास आणि कार्बन फायबर या दोहोंना बोलीत सरसकट ‘फायबर’ म्हटले जाते. या बाबतीत मात्र दोहोंचा गुणधर्म नेमका उलटा आहे.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. या मोटारींची पुढची काच लहान आणि फार तिरकी असते. चालक जवळजवळ रस्त्यालगत बसलेला असतो. मोठ्या गाडीत किरकोळ वाटणारे यंत्र येथे दृष्टीचा मोठा हिस्सा व्यापते. ते काचेच्या मध्यावर न लावता खालच्या कडेला, शक्यतो उजव्या खांबाजवळच्या कोपऱ्यात बसवावे. आधाराचा दांडा जितका आखूड तितका चांगला. अशा गाड्यांचे सस्पेन्शन कडक असते आणि लांब दांड्यावरचे यंत्र खड्ड्यांच्या रस्त्यावर इतके थरथरते की पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. डॅशबोर्डवर बसवायचे असल्यास एअरबॅगचे झाकण मोकळे राहील, हे पाहणे आवश्यक असते. छत उघडे ठेवून चालवताना यंत्राचा आवाज वाऱ्यात हरवतो. इअरफोन हा त्यावर उपाय नव्हे, कारण मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येणे अधिक महत्त्वाचे.

वीजपुरवठ्याकडेही लक्ष द्यावे लागते. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. इंजिन सुरू करताना क्षणभर व्होल्टेज खाली येते आणि यंत्र ‘बंद करायचे काय’ असे विचारू लागते. इंजिन सुरू झाल्यावर यंत्राची वायर जोडणे हा साधा तोडगा आहे. स्वस्त चार्जर रेडिओलहरींचा उपद्रव निर्माण करतात आणि त्यामुळे उपग्रहांचा मागच लागत नाही, असेही घडते. यंत्र बिघडले असे समजण्यापूर्वी चार्जर काढून केवळ बॅटरीवर ते चालवून पाहावे.

यंत्राला काय कळते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अचूक वेळ प्रक्षेपित करत राहतात. संदेश पोहोचायला लागलेल्या काळावरून यंत्र अंतर काढते. किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की स्थान निश्चित होते. नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका हेतुपुरस्सर चूक मिसळत असे. ती १ मे २००० च्या मध्यरात्री थांबवण्यात आली आणि तोवर १०० मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे मोटारीसाठी उपयोगी ठरू लागली. आज मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही पाच मीटरच्या आसपास अचूक स्थान देते.

लोहखनिजाच्या डोंगराजवळ जीपीएस ‘भरकटते’, असा एक समज आहे. जीपीएसचा चुंबकत्वाशी संबंध नाही. काळ मोजून अंतर काढणाऱ्या यंत्राला डोंगरात लोखंड आहे की मुरूम, याने काहीच फरक पडत नाही. बिघडते ते चुंबकीय होकायंत्र आणि त्याला मोटारीतले पोलाद व स्पीकरचे चुंबकच पुरेसे असतात. जंगलात जीपीएस खरोखर मंदावते ते पानांमुळे. आलापल्लीचा परिसर सागासाठी प्रसिद्ध आहे. येथील जुन्या जंगलाचा राखून ठेवलेला भाग ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखला जातो आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात सागाची ताटाएवढी ओली पाने आधीच क्षीण असलेला संदेश शोषतात. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर तेच यंत्र त्याच रस्त्यावर चोख काम करते. पावसाळ्यातला वाईट अनुभव म्हणजे यंत्राचा दोष असतोच, असे नाही.

दुसरी मर्यादा दिशेची. होकायंत्र नसलेल्या साध्या यंत्राला आपण कोणीकडे तोंड करून उभे आहोत, हे कळत नाही. दोन क्रमिक स्थानांवरून ते दिशा ठरवते. गाडी थांबलेली असताना पडद्यावरचा बाण कोठेही वळलेला असू शकतो. दोन फाट्यांच्या तोंडाशी उभे राहून बाणाकडे पाहत बसण्यापेक्षा पंचवीस-तीस मीटर पुढे जाऊन मग पाहावे.

बोगद्यात तर संदेशच नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा पार करताना सुटे यंत्र गप्प होते किंवा अंदाजाने पुढे सरकते. कारखान्यातून बसवलेली यंत्रणा चाकांच्या फेऱ्या मोजून हिशेब ठेवू शकते. सुट्या यंत्राला ती सोय नसते.

मोबाइल की स्वतंत्र यंत्र?

मोबाइलमध्ये नकाशे फुकट मिळू लागल्यापासून सुट्या यंत्रांचा बाजार आटला. शहरात मोबाइलच सरस आहे, कारण वाहतूक कोंडीची ताजी माहिती त्याला मिळते. एटापल्लीच्या पुढे मात्र चित्र बदलते. मोबाइलला उपग्रहांची ताजी कक्षामाहिती नेटवर्कवरून चटकन मिळते. नेटवर्क नसेल, तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि पहिले स्थान मिळायला वेळ लागतो. शिवाय नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल, तर पडद्यावर स्थान दिसते पण भोवती कोरी पाटी. सुट्या यंत्रात नकाशा आतच असतो. त्यामुळे नेटवर्क तुरळक असलेल्या या भागात त्याची उपयुक्तता अजून संपलेली नाही. अर्थात गडचिरोली सोडण्यापूर्वी मोबाइलमध्येही परिसराचा नकाशा उतरवून घेतला, तर दोन स्वतंत्र साक्षीदार सोबत राहतात.

जुने यंत्र अडगळीतून काढून वापरायचे असल्यास एक गोष्ट ठाऊक हवी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजणारा आकडा १०२४ पर्यंतच जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ रोजी तो असा शून्यावर आला. त्यासाठी सुधारणा न केलेली कित्येक जुनी यंत्रे तेव्हापासून साडेएकोणीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. स्थान बरोबर असले, तरी पोहोचण्याची वेळ आणि सूर्यास्ताची वेळ यांवर मग विश्वास ठेवता येत नाही. जंगलातल्या प्रवासात सूर्यास्ताची वेळ ही काही किरकोळ बाब नाही.

भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि पहिल्या मालिकेतला सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला. त्यातील काही उपग्रहांची आण्विक घड्याळे निकामी झाली. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून सर्वसामान्य यंत्रांना सोयीची ‘एल-१’ ही लहर नाविकमध्ये आली. २००० च्या दशकातल्या यंत्रांना मात्र नाविकचा काहीच उपयोग नाही. ती केवळ जीपीएस ओळखतात.

नकाशाचे वय

स्थान अचूक असूनही यंत्र चुकते, ते बहुधा नकाशामुळे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याआधीचा नकाशा असलेल्या यंत्राच्या दृष्टीने मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने शेतातून धावत असते आणि ते बिचारे दर मिनिटाला मागे वळण्याची विनवणी करते. हा विनोद सूरजागडच्या पुढे उरत नाही. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचे उद्घाटन १ जानेवारी २०२५ रोजी झाले. त्याच दिवशी अहेरी-गर्देवाडा एसटी बस सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर तेथे आलेली ही पहिली बस. जुन्या नकाशात या भागात हिरव्या रंगाशिवाय काही नाही. उलट काही नकाशांत जंगलातल्या बैलगाडीच्या वाटा पक्क्या रस्त्यासारख्या रेघांनी दाखवलेल्या असतात. हिरवा रंग दिसल्यास माणूस निदान थांबून विचारतो. खोटी रेघ मात्र त्याला थेट नाल्यात नेते.

यंत्र रस्त्याच्या प्रतवारीवरून वेग गृहीत धरते. साकोली-गडचिरोली-आलापल्ली-सिरोंचा हा राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी आहे म्हटल्यावर यंत्र महामार्गाचा वेग लावून तासांचा हिशेब करते. प्रत्यक्षात सूरजागडची खाण २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर खनिजाने भरलेल्या अवजड वाहनांनी एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या पट्ट्यातील रस्त्यांची चाळण केली आणि त्यावरून स्थानिकांची आंदोलनेही झाली. हेडरी ते कोनसरी ही ८५ किलोमीटरची खनिजवाहिनी २०२५ मध्ये कार्यान्वित झाली असली, तरी रस्ता मोकळा आणि गुळगुळीत मिळेल असे गृहीत धरू नये. ट्रकच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधला उंचवटा, हे दृश्य मोठ्या जीपला त्रासदायक, तर १३०-१४० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सच्या मोटारीला घातक ठरते. तेलाचा चेंबर नेमका त्या उंचवट्यावर घासतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असावी. गावोगावचे गतिरोधक हा निकष वाचून बांधलेले नसतात, हे वेगळे सांगायला नको.

यंत्राला गाडीची उंची सांगण्याची सोय असते, ती पुलाखालून जाणाऱ्या ट्रकसाठी. पोटाखालची जागा विचारणारे यंत्र सहसा नसते. ‘सर्वांत जवळचा मार्ग’ हा पर्याय म्हणूनच बंद ठेवावा, ‘कच्चे रस्ते टाळा’ हा सुरू करावा आणि शेवटचे गाव एकदम न देता टप्पे द्यावेत : गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली. प्रत्येक टप्प्यापुढील रस्त्याची चौकशी त्या गावातल्या एसटीचालकांकडे किंवा ट्रकचालकांकडे करावी. पावसाळ्यात तर यावाचून गत्यंतर नाही. भामरागडजवळ पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. यंत्राच्या पडद्यावर त्या दिवशीही तोच रस्ता जांभळ्या रेघेने उजळलेला असतो.

नावे आणि आकडे

एटापल्ली, आलापल्ली ही नावे रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. एका स्पेलिंगने गाव सापडले नाही म्हणजे ते नकाशात नाही, असे नव्हे. जंगलातले टोले तर बहुतेक यंत्रांत नसतातच. येथे माडिया, मराठी आणि दक्षिणेकडे तेलुगू बोलली जाते. एकाच ओढ्याला वा टेकडीला प्रत्येक भाषेत वेगळे नाव असू शकते. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि जानेवारीत तेथे परिसरातील माडिया गोंडांची जत्रा भरते. नकाशा बनवणाऱ्यांच्या लेखी ही केवळ उंचीची एक रेघ, खाण खात्याच्या लेखी ३४८ हेक्टरचा पट्टा आणि भोवतीच्या गावांच्या लेखी देवाचा डोंगर आहे. वाट विचारताना यंत्रातले नाव उच्चारून उत्तर मिळाले नाही, तर देवाचे नाव घ्यावे. ते सर्वांना ठाऊक असते.

नावांची ही भानगड टाळण्यासाठी अक्षांश-रेखांश भरणे हा पक्का उपाय आहे. त्यातली ठरलेली चूक मात्र टाळायला हवी. १९ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांशात १९.५. ते १९.३० असे भरले, तर स्थान तब्बल २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या कागदी नकाशांवरून आकडे उतरवून घेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ते नकाशे ‘एव्हरेस्ट’ या जुन्या मापनपद्धतीवर आधारलेले आहेत आणि जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-८४’ या पद्धतीवर चालते. यंत्रात योग्य पद्धत निवडली नाही, तर शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. शहरात ती गल्ली चुकते, जंगलात नदीचा काठ.

मोटार शर्यतींत सहचालक आजही कागदी टिपणांवर अवलंबून असतो. प्रत्येक फाट्याचे लहान रेखाचित्र, मागच्या फाट्यापासूनचे अंतर आणि ठळक खूण, अशी ही वही असते. हॉलंडमधील ट्यूलिप रॅलीवरून या रेखाचित्रांना ‘ट्यूलिप’ हे नाव पडले. आलापल्लीपुढच्या प्रवासासाठी घरीच अशी दोन पाने तयार केली, तर गाडीच्या अंतरमापकाशी ती ताडून पाहता येतात आणि यंत्र बंद पडले तरी प्रवास अडत नाही.

कायदा आणि सुरक्षा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हातातले संपर्क उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येते. ठिकाण भरण्याचे काम गाडी उभी असतानाच उरकावे.

केवळ उपग्रहांचे संदेश घेणारे यंत्र बाळगण्यास आडकाठी नाही. मात्र उपग्रहामार्फत संदेश पाठवूही शकणारी छोटी यंत्रे परदेशांत गिर्यारोहकांमध्ये लोकप्रिय असून दिसायला अगदी साध्या जीपीएससारखीच असतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना ती भारतात वापरता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रांवरून परदेशी प्रवाशांना ताब्यात घेण्यात आले होते. सूरजागड परिसरात २३ डिसेंबर २०१६ रोजी माओवाद्यांनी खनिजवाहतुकीची सुमारे ८० वाहने जाळली होती. परिस्थिती तेव्हापासून बरीच पालटली आहे, तरीही या भागात पोलिसांच्या मदत केंद्रांपाशी विचारपूस होऊ शकते. परदेशातून नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेले यंत्र नेमके कोणत्या जातीचे आहे, याची खात्री गाडीत ठेवण्यापूर्वीच करून घ्यावी. पोलीस ठाणी आणि तळांची छायाचित्रे काढणे किंवा त्यांची ठिकाणे यंत्रात नोंदवून ठेवणे टाळावे.

निघताना यंत्रातील ‘ट्रॅक’ची नोंद सुरू करावी. ज्या वाटेने मोटार आली, ती वाट तिला झेपते हे सिद्ध झालेले असते. परतताना यंत्राने सुचवलेल्या नव्या मार्गापेक्षा पडद्यावरची हीच ठिपक्यांची रेघ विश्वासार्ह ठरते. मुक्कामाला यंत्र काढून सोबत न्यावे आणि काचेवरचा रबराचा गोल डागही पुसून टाकावा, कारण उघड्या छताच्या गाडीत तो डाग चोराला पुरेसा इशारा असतो. उन्हाळ्यात तर ते गाडीत ठेवूच नये. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बंद काचांच्या आत तो आणखी चढतो आणि लिथियमच्या बॅटरीला ते सोसत नाही.